थंडीत सोलर हीटर चालत नाही?

‘सोलर बंब उन्हाळी देशांचा, थंड मुलखात काय कामाचा?’ हे वाक्य गच्चीवरच्या गप्पांत वर्षानुवर्षं फिरतंय. बाजार मात्र वेगळंच सांगतो.

जगात बसवलेल्या सौर पाणीतापक क्षमतेपैकी निम्म्याहून बरीच जास्त एकट्या चीनमध्ये आहे, आणि तिथल्या कित्येक गावांत हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो. ऑस्ट्रियासारखा आल्प्सच्या कुशीतला देशही दरडोई हिशेबात बराच वर असतो.

गोम अशी की, हीटरला हवेची ऊब लागत नाही, ऊन लागतं. काचेच्या दुहेरी नळीत मधली हवा काढून टाकलेली असते, अगदी थर्मासासारखी. त्यामुळे आतलं पाणी उकळीजवळ गेलं तरी बाहेरून नळी हाताला गारच लागते. पाणी गोठण्याची भीती असेल तिथे पॅनेलमधून न गोठणारं द्रावण फिरवतात. खरा शत्रू ढग! आपल्याकडेही डिसेंबरात कडक पाणी मिळतं आणि जुलैत जेमतेम कोमट.

डेन्मार्कने तर कमालच केली. तिथे हिवाळ्यात ऊन जवळपास नसतंच. म्हणून वोयेन्स गावाने सुमारे 2 लाख घनमीटरचा खड्डा खणला, त्यात प्लास्टिकचं अस्तर घातलं, वर तरंगतं झाकण ठेवलं. उन्हाळ्यात तापवलेलं पाणी त्यात साठवायचं आणि पुढे थंडीत त्याची ऊब नळांवाटे घरोघरी पोचवायची. लोणच्याच्या बरणीसारखं, फक्त बरणी तळ्याएवढी.