पहिल्यांदा कढई दाखवायला जाताय? मग चून (पिठलं) करा

ताई, नमस्कार.

आमची बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, कढई किंवा तवा तुम्ही घरी वापरलात, तुम्हाला तो आवडला, आणि आता चार घरी जाऊन दाखवायचं-विकायचं ठरवलंत, म्हणून हे पत्रक तुमच्या हाती देतो आहोत. भांड्यांच्या किमती, तुमचं कमिशन, माल परत घ्यायची मुदत हे सगळं वेगळ्या कागदावर दिलं आहे. इथं एकाच प्रश्नाबद्दल लिहिलंय, कारण नव्या ताईचा पहिला फोन हमखास त्याचसाठी येतो: "बाया जमल्या, शेगडी पेटली, आता करू काय?"

आम्ही दोघी जावा ही विक्री बघतो. सुरुवातीला आम्हालाही हाच प्रश्न पडला होता आणि त्याचं उत्तर आम्ही चुकीचं काढलं होतं. बचत गटाच्या बैठकीत पहिल्यांदा कढई दाखवायला गेलो तेव्हा काहीतरी वेगळं करून दाखवावं म्हणून मंचुरियन केलं. कोबी किसण्यातच अर्धा तास गेला. सगळ्यांनी आवडीनं खाल्लं, कौतुकही केलं. निघायच्या वेळी कोपऱ्यात बसलेल्या एका आजीनं कढई दोन्ही हातांनी उचलून पाहिली आणि विचारलं, "बाई, याच्यात चून बुडाले लागते का?" आमच्याजवळ बेसन नव्हतं. "नाही लागत" असं तोंडी सांगितलं, पण तोंडी सांगून कढई विकली जात नाही. पंधरा दिवसांनी त्याच ओसरीवर पुन्हा गेलो, चून केलं, आणि दोन कढया तिथंच ठरल्या.

तेव्हापासून पदार्थ ठरवताना आम्ही आधी हेच पाहतो की तो त्या घरात एरवी शिजतो का. विकत घेणाऱ्या बाईच्या डोळ्यांपुढे तिचा स्वतःचा उद्याचा स्वयंपाक असतो. तो स्वयंपाक या भांड्यात कसा होईल एवढंच तिला बघायचं असतं. मंचुरियन तिच्या घरी वर्षातून एकदा होईल, चून आठवड्यातून दोनदा होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे भांड्याचा गुण त्या पदार्थात सगळ्यांना दिसला पाहिजे. बीड लवकर तापत नाही, हे आधी मान्य करा. मध्यम आचेवर सहा-सात मिनिटं द्यावीच लागतात. पण एकदा तापलं की ते उष्णता धरून ठेवतं आणि सगळीकडे सारखी देतं. जर्मनच्या (ॲल्युमिनियमच्या) पातळ गंजात, म्हणजे पातेल्यात, जिथं ज्योत लागते तिथंच बूड करपतं, बाजूला कच्चं राहतं. हा फरक बोलून पटत नाही, चुनात मात्र लगेच दिसतो.

बारा-पंधरा जणींना चाखण्यापुरतं पाव किलो बेसन पुरतं. बेसन अर्धा लिटर पाण्यात घरूनच गुठळ्या मोडून कालवून न्या. पातळ चून आवडणारं घर असेल तर पाणी पाऊण लिटर घ्या. दोन मोठे कांदे, लसणाच्या दहा-बारा पाकळ्या, हिरवी मिरची, मोहरी-जिरं, हळद, मीठ, अर्धी वाटी तेल आणि वरून मूठभर सांबार (कोथिंबीर). तिखट आणि हळद आपल्याकडचीच वापरा. भिवापूरची मिरची आणि वायगावची हळद, दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, आणि हे नाव घेतलं की बाया त्यावर आपसूक बोलायला लागतात.

कढई रिकामीच तापत ठेवा आणि त्या सहा-सात मिनिटांत तिची माहिती सांगा. पाण्याचा थेंब टाकून दाखवा. तो चुर्र करून लगेच उडाला की तेल घाला. फोडणी, मग कांदा, तो लालसर झाला की कालवलेलं बेसन. आच कमी करून झाकण ठेवा, मध्ये दोन-तीनदा हलवा. सात-आठ मिनिटांत चून घट्ट होऊन शिजत आलं की गॅस बंद करा, आणि बंद केला हे सगळ्यांना दाखवा. झाकण तसंच राहू द्या. पाच मिनिटांनी उघडा. कढईत अजून फसफस चालू असते, वाफ निघत असते. आमच्या अनुभवात सौदा याच पाच मिनिटांत ठरतो. भुलाबाईत लेकी डबा वाजवून "ओळखा खिरापत" म्हणतात ना, तसं झाकण उघडायच्या आधी पोरांना वासावरून ओळखायला लावलं तर घरात आणखीच रंग भरतो.

आणि शेवटी खरवड. बुडाला बसलेला खरपूस थर सराट्याच्या (उलथण्याच्या) एका ढकल्यानं अख्खा सुटून आला पाहिजे. तो घरातल्या आजीच्या हातावर ठेवा. चून बुडाला अजिबात लागत नाही असं कधीच म्हणू नका, कारण ते खोटं आहे. लागतं, पण करपत नाही आणि सोडवताना रडवत नाही, हे खरं आहे.

यासाठी कढई तुमच्या रोजच्या वापरातलीच न्या, काळीभोर, तेल मुरलेली. नवी कोरी बाजूला ठेवा, म्हणजे वर्षभरानं ती कशी दिसेल हे कळतं. नव्या भांड्यात प्रात्यक्षिक केलंत तर चून नक्की चिकटेल आणि त्याला आमचा इलाज नाही.

काय करू नये

हे जरा सविस्तर सांगतो, कारण चुका इथंच होतात. आंबट काहीही बिडात शिजवून दाखवू नका. कढी, चिंच-गुळाची आमटी, भेदरं (टोमॅटो) जास्त घातलेला रस्सा, आंबाडीची भाजी, सगळं टाळा. आंबटपणानं भांड्यातलं लोखंड पदार्थात उतरतं, रंग काळपट होतो आणि तोंडाला धातूची चव लागते. त्यानं विषबाधा होत नाही, पण बारा जणींसमोर काळी कढी वाढली की तिथून पुढे काही बोलायची सोय राहत नाही. वांग्याचंही तसंच. वांग्यातला तुरटपणा आणि लोखंड यांचं जमत नाही, भाजी काळी पडते. हिवाळ्यात भरली वांगी करून दाखवायचा मोह होतो, तो आवरा. कुणी विचारलं, "याच्यात कढी चालते का?" तर स्पष्ट सांगा, "नाही ताई, कढी आपल्या स्टीलच्या गंजातच करा." असं सांगितल्यानं विक्री गेली असं आमच्याकडे झालेलं नाही. उलट पुढच्या प्रत्येक शब्दावर त्या बायांचा विश्वास बसतो.

लोखंडाच्या भांड्यातून अन्नात थोडं लोखंड जातं ही गोष्ट खरी आहे. पण त्यावरून "ही कढई घ्या, रक्त वाढेल" असं आमच्या नावानं कुणीही बोलायचं नाही. ज्या बाईचं रक्त कमी आहे तिला गोळ्या आणि तपासणी हवी असते. तिला आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात जायला सांगा. कढई विकण्यासाठी कुणाचं औषध लांबलं तर आम्हाला ते चालणार नाही.

मटण, सावजी रस्सा वगैरेही नको. वेळ लागतो, खर्च होतो, आणि आलेल्या निम्म्या जणी तो खातच नसतात.

कोणाचं घर, कोणता वार

जायच्या आधी यजमान ताईला चार गोष्टी विचारा: किती जणी येणार, कुणाचा उपास आहे का, घरात कांदा-लसूण चालतो का, शेगडी गॅसची की चूल. आपल्या भागात माळकरी घरं आहेत, महानुभाव पंथाची आहेत, गावागणिक एखादं जैन घर असतं. चातुर्मासात बऱ्याच जणी कांदा, लसूण, वांगं सोडतात. अशा वेळी कांद्याशिवाय, नुसत्या हिंग-जिऱ्याच्या फोडणीचं चून करा, तेही छान होतं.

चतुर्थी-एकादशीला किंवा श्रावणी सोमवारी गेलात तर कढई घरी ठेवा आणि तवा न्या. भगरीची धिरडी किंवा उकडलेला आलू घालून केलेलं साबुदाण्याचं थालीपीठ. साबुदाणा चिकटण्यात पटाईत असतो, त्यामुळे मुरलेल्या तव्यावरून थालीपीठ अलगद सुटलं की वेगळं काही सांगावं लागत नाही. तुमच्या तव्याला सहा महिने झाले नसतील तर मात्र साबुदाण्याच्या वाटेला जाऊ नका, धिरडीच बरी.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाला बाया आपणहून जमतात, त्यामुळे नव्या ताईला ही सगळ्यात सोपी वेळ. तेव्हा तीळ भाजून दाखवा. जाड बुडात मंद आचेवर तीळ सारखे फुलतात, एक काळा एक पांढरा होत नाही. फक्त गॅस बंद केल्याबरोबर ते परातीत काढा. कढई तापलेलीच असते, दोन मिनिटं गप्पांत गेली की तीळ करपतात. याच दिवसांत तुरीला सोले, म्हणजे ओले दाणे, असतात. सोले कोरडेच कढईत भाजले की वास शेजारच्या तीन घरांत जातो आणि न बोलावलेल्या बायाही येतात. त्यांची आमटी दुसऱ्या गंजात करा, भाजणं तेवढं कढईत.

कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी कुणी घरी सापडत नाही. सगळ्या दिवेलागणीला थकून येतात आणि पुढे स्वयंपाक पडलेला असतो. अशा वेळी तासभर भाषण केलं तर त्यांच्या रात्रीच्या जेवणाचा खोळंबा होतो. चून इथंही कामी येतं: थोडं जास्त करा, यजमान ताईची रात्रीची भाजी त्यातच उरकते, तिनं फक्त भाकरी टाकायच्या. त्या भाकरी आपल्या तव्यावर टाकू द्या. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा दुपारी कुणाच्याही घरात शेगडी पेटवणं हा त्या घरावर अन्यायच. सकाळी आठच्या आत जा, नाहीतर ऊन उतरल्यावर. चिवळ मिळत असेल तर मुगाची डाळ घालून तिची सुकी भाजी दहा-बारा मिनिटांत होते.

पातोडीबद्दल खूप जणी विचारतात. करता येते, कढईत बेसन घोटून ताटावर थापायचं. पण थापणं, निवणं, वड्या पाडणं आणि वेगळ्या भांड्यात रस्सा, यात प्रात्यक्षिक लांबतं. पाच-सहा घरं झाल्यावर करा.

आणखी थोडं

एका वेळी एकच पदार्थ. तो आधी स्वतःच्या घरी त्याच कढईत निदान पाच वेळा झालेला असावा, म्हणजे हात आपोआप चालतो आणि तोंड बोलायला मोकळं राहतं. फोडणी झाली की सराटा यजमान ताईच्या हाती द्या. तिला स्वतः हलवू द्या, तुम्ही बाजूला बसा.

सामान तुम्ही न्यायचं. घरधनिणीचं पाणी आणि गॅस वापरतो तेवढं पुरे, तिला बेसन-तेलाचा भुर्दंड नको. चुनाचा सगळा खर्च साठ रुपयांच्या आत बसतो. प्रात्यक्षिकाची पिशवी, म्हणजे झाकण, सराटा, काथ्या आणि ही पत्रकं, आमच्याकडून मोफत आहे. पुढे कुणी तुमच्याकडून आमच्या नावानं "नोंदणी फी" मागितली तर देऊ नका, आम्हाला कळवा.

ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम, २०२१ प्रमाणे ओळखपत्र जवळ असल्याशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय विक्रीसाठी कुणाच्या घरी जाता येत नाही. गावात आपण एकमेकींना ओळखतो, तरीही ओळखपत्र पिशवीत ठेवा आणि आदल्या दिवशी निरोप द्या.

कढईचं वजन लपवू नका. ती सगळ्यांच्या हाती फिरवा. मनगट दुखणाऱ्या आजीला मोठी कढई देऊ नका, लहान तवा सुचवा, नाहीतर तिला काहीच घेऊ नका म्हणा.

खाऊन झाल्यावर उठायची घाई नको, धुवून दाखवायचं बाकी असतं. खूप जणींना भीती तिथंच वाटते. कढई निवू द्या. तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं तर ते तडकू शकतं. कोमट पाणी आणि काथ्या पुरतो. राखेनं घासू नका, मुरलेला तेलाचा थर राखेनं निघून जातो आणि दुसऱ्या दिवशी गंज चढतो. धुतली की पुसा, शेगडीवर मिनिटभर ठेवून पूर्ण कोरडी करा आणि चार थेंब तेल चोळा. घाण्याचं जवसाचं तेल मिळालं तर उत्तम, ते वाळून भांड्यावर पक्कं बसतं. उरलेली भाजी रात्रभर कढईत ठेवायची नाही, हेही याच वेळी सांगा.

पहिल्या प्रात्यक्षिकाच्या आदल्या संध्याकाळी पावतीवरच्या नंबरवर आम्हाला फोन करा. किती जणी आहेत, उपास आहे का, चूल आहे की गॅस, एवढं सांगा, बेसन किती कालवायचं ते ठरवू. आणि करून आल्यावर बायांनी काय काय विचारलं ते लिहून ठेवा. या पत्रकातल्या निम्म्या गोष्टी अशाच कुणीतरी विचारल्या म्हणून आल्या आहेत.