नेटवर्क बाँडिंग

सर्व्हरचे दोन किंवा अधिक नेटवर्क पोर्ट एकत्र बांधून त्यांचा एकच पोर्ट असल्यासारखा वापर करणे, याला नेटवर्क बाँडिंग म्हणतात. विंडोजवर काम करणारे याला टीमिंग म्हणतात, स्विचच्या (अनेक संगणकांच्या केबल एकत्र जोडणाऱ्या यंत्राच्या) माहितीपुस्तिकांत लिंक ॲग्रिगेशन असे लिहिलेले असते आणि सिस्को कंपनीच्या उपकरणांवर हात बसलेले लोक इथरचॅनल म्हणतात. बांधलेल्या पोर्टांचा आयपी पत्ता एकच असतो. बहुतेक पद्धतींत मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क पोर्टाचा स्वतःचा क्रमांक, तोही एकच.

बाँडिंगचे हेतू दोन. एक केबल किंवा पोर्ट गेला तरी सर्व्हर बंद पडू नये, हा पहिला. जास्त वाहतूक मावावी, हा दुसरा. लोक बहुधा दुसऱ्यासाठी बाँडिंग करतात आणि खऱ्या गरजेच्या वेळी उपयोगी पडतो तो पहिला.

दुसऱ्या हेतूबद्दल गैरसमज फार आहेत. कृष्णेपलीकडच्या सांगलीवाडीकडून सांगलीत यायला १९२९ सालचा आयर्विन पूल आहे आणि बायपासचा पूलही आहे. पूल दोन झाले म्हणून एखादी गाडी दुप्पट वेगाने गावात पोहोचत नाही. गाड्या जास्त येतात, एवढेच. एक गिगाबिटच्या दोन केबल बांधल्या तरी दोन यंत्रांमधला एक संवाद साधारणपणे एकाच केबलवरून जातो आणि सेकंदाला १२५ मेगाबाइटच्या पुढे सरकत नाही. रात्रीचा बॅकअप एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर घेणाऱ्याला म्हणूनच काही फरक दिसत नाही, आणि तो स्विचला दोष देतो.

एक संवाद एकाच केबलवर ठेवणे हे मुद्दाम केलेले आहे. एकाच संवादाची पॅकेट (माहितीचे तुकडे) दोन केबलवर वाटली तर मागची पुढे पोहोचतात; पॅकेट क्रमाने पोहोचवणाऱ्या टीसीपी या नियमसंचाला वाटते मधली हरवली, आणि ते वेग कमी करते. म्हणून प्रेषक आणि ग्राहक यांच्या पत्त्यांवरून हॅश, म्हणजे एक ठरावीक आकडा, काढून प्रत्येक संवादाला एक केबल नेमून दिली जाते.

मिरजेतल्या एखाद्या रुग्णालयात सीटी स्कॅनच्या प्रतिमा एका सर्व्हरवर आहेत आणि आठ-दहा संगणक त्या एकाच वेळी मागतात, असे समजा. इथे बाँडिंग शोभते. पण लिनक्समध्ये, काही न बदलल्यास, केबलची निवड मॅक पत्त्यावरून होते. केबल दोन असतील तर समोरचा पत्ता सम की विषम, एवढ्यावर सगळे ठरते; दहापैकी आठ संगणक एकाच केबलवर गेले तर तक्रार करायला जागा नाही. त्यातच सांगलीतल्या शाखेचे डॉक्टर राउटरमधून येत असतील, तर सर्व्हरला त्या सर्वांचा मॅक एकच दिसतो, तो राउटरचा. मग त्यांची सगळी वाहतूक एकाच केबलवर आणि दुसरी रिकामी. उपाय सोपा आहे: हॅश आयपी पत्ता आणि संवादाचा पोर्ट क्रमांक (केबलचा पोर्ट नव्हे) यांवरून काढायला सांगावे. मात्र ही निवड फक्त सर्व्हरवरून बाहेर जाणाऱ्या वाहतुकीला लागू होते. आत येणाऱ्या वाहतुकीचे वाटप स्विच करतो, आणि ते तिथेच बदलावे लागते.

ही कल्पना १९९०च्या दशकाच्या सुरुवातीची. कल्पना नावाच्या कंपनीने इथरचॅनल आणले. १९९४ मध्ये सिस्कोने ती कंपनी घेतली. पुढे २००० साली आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने ८०२.३एडी हे मानक मान्य केले. २००८ पासून ते ८०२.१एएक्स या क्रमांकाखाली आहे. लिनक्समधले बाँडिंग डोनाल्ड बेकर यांच्या बेओवुल्फ समूह-संगणकासाठीच्या कामातून आले. विंडोज सर्व्हरमध्ये टीमिंगची सोय २०१२च्या आवृत्तीपासून आहे.

लिनक्समध्ये ० ते ६ असे सात प्रकार आहेत. रोजच्या कामात दोनच पुरतात. प्रकार १ मध्ये एक केबल चालू आणि बाकीच्या राखीव असतात. स्विचवर काहीच करावे लागत नाही, आणि दोन केबल दोन वेगळ्या स्विचमध्ये लावता येतात. लहान कार्यालयाने हाच घ्यावा. प्रकार ४ म्हणजे एलएसीपी (लिंक ॲग्रिगेशन कंट्रोल प्रोटोकॉल): सर्व्हर आणि स्विच दर ३० सेकंदांनी, किंवा सांगितल्यास दर सेकंदाला, एकमेकांना निरोप पाठवून जोडी पक्की करतात. प्रकार ० पॅकेट आळीपाळीने वाटतो. स्विचला तसे कळवले नसेल, तर एकच मॅक कधी या पोर्टवर तर कधी त्या पोर्टवर दिसून त्याचा गोंधळ उडतो.

केबल तुटल्याचे कळण्यासाठी सर्व्हर ठरावीक काळाने, बहुधा दर १०० मिलिसेकंदांनी, पोर्टची स्थिती पाहतो. त्याला दिसतो तो फक्त जवळचा टप्पा. स्विचच्या पलीकडची केबल तुटली तर पोर्टवरचा दिवा हिरवाच राहतो. एकाच कार्डावरचे दोन पोर्ट बांधणे, किंवा दोन्ही केबल एकाच स्विचमध्ये खोचणे, यातही सुरक्षितता अर्धीच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, गणपती पेठेत पाणी शिरले. तळमजल्यावरच्या सर्व्हरला त्या दिवशी किती केबल आहेत हा प्रश्नच उरत नाही.

दोन कंपन्यांची इंटरनेट जोडणी एकत्र करणे हा वेगळा विषय आहे, आणि विचारणा बहुधा त्याचीच होते. त्या दोन जोडण्यांचे आयपी वेगळे, दुसरी टोकेही वेगळी. बाँडिंगला तिथे काही करता येत नाही. दोन्हींवर भार वाटणारा राउटर लागतो. एकच डाउनलोड दोन्हींवरून हवे असेल तर पलीकडे पॅकेट पुन्हा जुळवणारा सर्व्हर हवा, नाहीतर एकच संवाद अनेक वाटांनी नेणारे मल्टिपाथ टीसीपी. ते लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये (गाभ्यात) २०२० साली ५.६ या आवृत्तीत आले, पण दोन्ही टोकांना असावे लागते.

बाँड नीट बसला की नाही हे केबल उपटून पाहावे, तेही दिवसाढवळ्या. लिनक्सच्या प्रॉक (/proc) या फोल्डरमध्ये प्रत्येक बाँडची एक फाइल असते. एलएसीपी असेल तर तिच्यात समोरच्या स्विचचा मॅक दिसतो. तिथे नुसती शून्ये असतील, तर स्विचवर ते पोर्ट बांधलेलेच नाहीत.