मृत्युपत्र दबावाखाली झाल्याचा संशय : हरकत, दावा आणि कागदपत्रे

‘वडिलांनी सगळे धाकट्यालाच दिले’ एवढ्यावर मृत्युपत्र रद्द होत नाही. स्वकष्टार्जित मिळकत कोणालाही देण्याचा हक्क हिंदू व्यक्तीला आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मात्र फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो. म्हणून आधी मिळकत कशी आली ते जुन्या फेरफारांवरून (महसूल दप्तरातल्या हक्कबदलाच्या नोंदींवरून) पाहा. कधी कधी मृत्युपत्राला हात न लावताच आपला हिस्सा मागता येतो.

भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६१ नुसार फसवणूक, जबरदस्ती किंवा मर्जीच उरू न देणारा तगादा यातून झालेले मृत्युपत्र रद्दबातल ठरते. रेषा कुठे आहे ते कलमाखालच्या उदाहरणांत दिसते. आजारपणामुळे विरोध करण्याची ताकद संपलेली आणि ‘एकदाची कटकट मिटू दे’ म्हणून सही केली, तर ते टिकत नाही. पण कोणी पुढेपुढे करून, गोड बोलून मर्जी संपादन केली, तर तेवढ्याने ते रद्द होत नाही. सेवा करणाऱ्या मुलाविरुद्धच्या बऱ्याच तक्रारी इथेच अडकतात.

हरकत कोण घेऊ शकतो? मृत्युपत्र नसते तर ज्याला वाटा मिळाला असता, किंवा आधीच्या मृत्युपत्रात ज्याचे नाव आहे, तो. हिंदू पुरुषाच्या बाबतीत पत्नी, मुलगे, मुली आणि आई हे पहिल्या वर्गातले मुख्य वारस. ते हयात असताना पुतण्याला केवळ नात्याच्या जोरावर उभे राहता येत नाही.

कागद जमवायला लगेच लागा. मृत्यूचा दाखला, वंशावळ, सातबारा, आठ-अ किंवा मिळकत पत्रिका हे तर लागतेच. मृत्युपत्र नोंदणीकृत असेल तर मृत्यूनंतर कोणीही अर्ज करून दुय्यम निबंधकांकडून त्याची नक्कल घेऊ शकतो. खरा जीव दवाखान्याच्या कागदांत असतो : केस पेपर, नर्सिंग नोंदी, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या चिठ्ठ्या. आंतररुग्णांच्या नोंदी डॉक्टरांनी तीन वर्षे ठेवणे बंधनकारक आहे. त्यानंतर त्या मिळतीलच असे नाही. सहीच्या तुलनेसाठी बँक आणि पेन्शनच्या कागदांवरच्या त्याच काळातल्या सह्या शोधा. दहा वर्षांपूर्वीची ठणठणीत सही फारशी कामाची नाही.

शेतजमीन असेल तर पहिली घाई फेरफाराची. मृत्युपत्रावरून नोंद धरली की नोटीस निघते आणि हरकतीला १५ दिवस मिळतात. गावाची नोटीस ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावरही दिसते. हरकत लेखीच द्या, पोच घ्या. मग प्रकरण तक्रारी नोंदवहीत जाते आणि सुनावणी होते. निकाल विरुद्ध गेला तर प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) ६० दिवसांत अपील. मात्र मृत्युपत्र खरे की खोटे हे महसूल खाते ठरवत नाही आणि फेरफाराने मालकी मिळत नाही. अपिलांच्या फेऱ्यांत वर्षे घालवून दिवाणी दावा राहून जाणे, ही नेहमीची चूक. मृत्युपत्र रद्दबातल असल्याचे न्यायालयाकडून जाहीर करून मागण्याच्या दाव्याची मुदत दाव्याचा हक्क प्रथम निर्माण झाल्यापासून तीन वर्षे. दाव्यासोबतच विक्री थांबवण्यासाठी तात्पुरत्या मनाईचा अर्ज द्या.

समोरच्याने मुंबई उच्च न्यायालयात प्रोबेट (मृत्युपत्र खरे असल्याचे न्यायालयाचे प्रमाणपत्र) मागितले असेल तर साइटेशन म्हणजे त्या अर्जाची नोटीस बजावल्यापासून १४ दिवसांत कॅव्हेट (लेखी हरकत) आणि त्यानंतर ८ दिवसांत तिच्या पुष्टीचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. मग त्या अर्जाचे दाव्यात रूपांतर होते.

दाव्यात ‘दबाव टाकून सही घेतली’ हे एक वाक्य पुरत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६ नियम ४ प्रमाणे तपशील लागतो : कोणी, कधी, कुठे, कसा. उदाहरणार्थ, ‘अमुक तारखेला अतिदक्षता विभागातून सोडले, चौथ्या दिवशी लाभार्थ्याच्या गाडीतून निबंधक कार्यालयात नेले, मसुदा त्याच्याच वकिलाने केला, साक्षीदार दोघेही त्याच्या दुकानातले.’

पुराव्याचा भार दोन ठिकाणी विभागलेला असतो. रीतसर सही झाली आणि किमान दोन साक्षीदारांनी साक्षांकन केले, हे मृत्युपत्र पुढे करणाऱ्याने सिद्ध करायचे. साक्षीदार हयात असेल तर निदान एकाला तरी पिंजऱ्यात आणायचे. संशयास्पद परिस्थितीचे समाधानही त्यानेच करायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्येच एच. वेंकटचला अय्यंगार प्रकरणात स्पष्ट केले. नोंदणी झाली म्हणून संशय आपोआप फिटत नाही. दबावाचा थेट आरोप मात्र करणाऱ्यानेच शाबीत करायचा. म्हणून नुसत्या दबावावर विसंबू नका. लाभार्थ्याचा पुढाकार, मृत्युपत्र करणाऱ्याची मानसिक अवस्था, न पटणारी वाटणी, डळमळीत सही हे मुद्दे वेगवेगळे मांडा.

आणि दावा लावण्याआधी घरात जुने मृत्युपत्र आहे का ते पाहा. नवे रद्द झाले की जुने लागू होऊ शकते, आणि त्यात आपले नाव मुळीच नसेल तर जिंकूनही हाती काही येत नाही.