वीज नक्की येते कुठून? खोपोलीपासून चंद्रपूरपर्यंत

वीज कुठे तयार होते असं विचारलं की आपल्याकडे बऱ्याच जणांच्या तोंडी पहिलं नाव कोयनेचं येतं. शाळेत तेच शिकवलेलं, भिंत पण डोळ्यात भरणारी. पण भारतात आज जेवढी वीज बनते त्यातली तीन चतुर्थांशाच्या आसपास कोळसा जाळून बनते, मग कोयना, तारापूर, खोपोली ही पाण्यावरची आणि अणूवरची केंद्रं नक्की कशासाठी आहेत, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

सुरुवात 1897 ला दार्जिलिंगजवळच्या छोट्या जलविद्युत केंद्रापासून, मग 1899 ला कोलकात्यात कोळशावरचं केंद्र, 1902 ला कावेरीवर शिवनसमुद्र, तिथली वीज थेट कोलारच्या सोन्याच्या खाणींना. तेव्हा देशाची अशी ग्रीड, म्हणजे सगळी केंद्रं जोडणारं तारांचं जाळं, नव्हतीच, ज्याला गरज त्याने आपलं पॉवर हाऊस उभं करायचं.

मुंबईची गरज म्हणजे गिरण्या. त्या वाफेवर चालायच्या, कोळसा लांबून आणावा लागायचा आणि धूर वेगळाच. इथे टाटांनी जे केलं ते मला आजही भारी वाटतं, म्हणजे बघा, लोणावळ्याच्या माथ्यावर पडणारा पाऊस एरवी पूर्वेला वाहत बंगालच्या उपसागरात जाणार, तो वरच तलावात अडवायचा आणि पाइपातून पश्चिमेला घाटाखाली सोडायचा, सरळ पाचशे मीटरच्या आसपास. एवढ्या उंचीवरून येणाऱ्या पाण्याला टर्बाइन फिरवायला वेळ लागत नाही. 1915 ला खोपोली सुरू झालं, 1922 ला भिवपुरी, 1927 ला भिरा. हे पाणी पुढे वाया पण जात नाही, भिवपुरीचं उल्हास नदीत येतं आणि कल्याण डोंबिवलीकडच्या नळांना पोचतं, आणि कोलाडला राफ्टिंग करता ना, ते भिऱ्याहून सोडलेल्या पाण्यावरच.

पण भिऱ्याचं पाणी मुळशीचं. 1921 ला तिथल्या शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, पांडुरंग महादेव बापट त्यातूनच सेनापती बापट झाले. धरण झालंच, गावं गेली. विजेची गोष्ट सांगताना हा भाग गाळू नये असं मला मनापासून वाटतं.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा अख्ख्या देशाची क्षमता होती साधारण 1362 मेगावॅट, आजचं एकटं चंद्रपूरचं कोळशाचं केंद्र 2920 चं आहे! 1948 च्या कायद्याने राज्याराज्यात वीज मंडळं आली, आपलं एमएसईबी 1960 चं. आणि मग कोयना, तीच युक्ती पण अवाढव्य, कृष्णेकडे जाणारं पाणी बोगद्यातून पश्चिमेला, पोफळीला डोंगराच्या पोटात पॉवर हाऊस, आणि वीज करून झाली की पाणी चिपळूणकडे वाशिष्ठीत. सगळे टप्पे मिळून 1960 मेगावॅट. पण कृष्णेच्या पाण्यावर खालच्या राज्यांचा पण हक्क, त्यामुळे पाणीवाटपाच्या लवादाने वर्षाला 67.5 टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली, म्हणजे मशीन कितीही असू दे, पाणी मोजूनच वापरायचं. आणि धरणग्रस्तांच्या पुढच्या पिढ्या अजून जमिनीसाठी आंदोलनाला बसतात हे पण खरं.

डिसेंबर 1967 च्या भूकंपाने कोयना बंद पडलं आणि मुंबईचे कारखाने थांबले, तेव्हा एकाच ठिकाणावर विसंबून राहणं किती महाग पडतं ते कळलं. पश्चिम किनारा कोळशाच्या खाणींपासून लांब म्हणून तारापूरचं अणुवीज केंद्र ठरलं होतंच, ते 1969 ला सुरू झालं, देशातलं पहिलं. आणि मोठा भार गेला विदर्भावर, कारण कोळसा तिथे. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर. देशपातळीवर 1975 ला एनटीपीसी ही केंद्र सरकारची वीज कंपनी आली तिचं पण हेच, खाणीच्या तोंडाशी केंद्र. धूर आणि राख विदर्भात, वापर मुंबई पुण्यात, मध्ये चंद्रपूर ते मुंबईजवळचं पडघा अशी साडेसातशे किलोमीटरची उच्च दाबाची डीसी लाइन. आणि कोळशाच्या केंद्रांना पाणी लागत नाही असं समजू नका, 2013 च्या दुष्काळात परळीची युनिटं पाण्यावाचून बंद ठेवावी लागली होती.

आता मूळ प्रश्न, एवढे प्रकार का. थंड पडलेला बॉयलर तापवून टर्बाइन-जनरेटरचा सेट वीज द्यायला लागेपर्यंत कित्येक तास जातात, म्हणून कोळसा आणि अणू दिवसरात्र चालू, तर पाण्याचा सेट काही मिनिटांत चालू काही मिनिटांत बंद, म्हणून तो संध्याकाळच्या गर्दीसाठी राखायचा. वीज ज्या क्षणी वापरली जाते त्याच क्षणी बनावी लागते, आणि 31 डिसेंबर 2013 ला रायचूर सोलापूर लाइनने दक्षिणेची ग्रीड जोडली गेल्यापासून तर हा हिशोब अख्ख्या देशाचा एकच आहे. 5 एप्रिल 2020 आठवतो? कोरोनाच्या लॉकडाऊनमध्ये रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे बंद. मागणी बघता बघता सुमारे 31 हजार मेगावॅटने पडली आणि लगेच परत चढली, ग्रीड सांभाळली ती मुख्यतः देशभरच्या जलविद्युत केंद्रांनी, आणि त्या रात्री कंट्रोल रूममध्ये बसलेल्यांबद्दल मला फार आदर आहे.

आता सोलर वाढलंय, दुपारी वीज भरपूर आणि सूर्य मावळला की ओढाताण. त्यावर उपाय म्हणजे घाटघरसारखा प्रकल्प, 250 मेगावॅटचा, जादा विजेवर पाणी वरच्या तलावात चढवायचं आणि मागणी वाढली की तेच खाली सोडायचं. असे बरेच नवे प्रकल्प सह्याद्रीत ठरतायत, म्हणजे परत तोच घाटमाथा, आणि तळी बांधायची तर परत तिथल्याच गावांची जमीन.