शुगर आणि हिरड्या: दोन्ही बाजूंनी वाढणारं दुखणं

मधुमेह निघाला की डॉक्टर डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायला सांगतात, लघवीतली प्रथिनं मोजतात, तळपायांना स्पर्श कळतो का ते पाहतात. तोंड मात्र सहसा कोणी उघडायला लावत नाही. नॉर्वेचे दंतशास्त्रज्ञ हॅराल्ड ल्यो यांनी 1993 साली हिरड्यांच्या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं होतं. आधीच्या पाच म्हणजे डोळे, मूत्रपिंड, मज्जातंतू, मोठ्या रक्तवाहिन्या आणि न भरणाऱ्या जखमा. आज तीस वर्षांनंतरही मधुमेहींच्या नेहमीच्या तपासण्यांत हिरड्यांना क्वचितच जागा मिळते, आणि याची किंमत रुग्णाला दात आणि साखर अशी दुहेरी मोजावी लागते.

याच ल्यो यांनी सहकाऱ्यांबरोबर केलेला एक प्रयोग 1965 मध्ये प्रसिद्ध झाला. निरोगी हिरड्यांच्या 12 जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा नीट घासायला लागल्यावर साधारण आठवड्याभरात सूज उतरली. दातांवर रोज साचणारा जिवाणूंचा मऊ, चिकट थर हेच सुजेचं कारण, आणि या टप्प्यावर आजार पूर्ण बरा होतो, हे त्यातून स्पष्ट झालं.

हा थर राहू दिला की लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात बसतं आणि काही दिवसांत त्याचं टणक कीटण होऊ लागतं. ते ब्रशने निघत नाही, आणि त्याच्या खरबरीत पृष्ठभागावर नवा थर आणखी लवकर चढतो. पुढे हिरडी दातापासून सुटते आणि मध्ये खाच तयार होते. तिथे प्राणवायू कमी असतो, त्यामुळे प्राणवायूशिवाय वाढणारे, जास्त उपद्रवी जिवाणू फोफावतात. त्यांच्याशी लढताना शरीराच्याच पेशी दात धरून ठेवणारे तंतू आणि जबड्याचं हाड विरघळवू लागतात. आपण ज्याला पायोरिया म्हणतो तो हाच. दंतवैद्य बोथट टोकाच्या, खुणा असलेल्या सळईने प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खाचेची खोली मोजतात. 1 ते 3 मिलिमीटर ठीक, 4 किंवा जास्त आणि सोबत रक्त आलं तर उपचार हवा. एकदा झिजलेलं हाड बहुतांशी परत येत नाही.

दुखत नाही, हा या आजाराचा सर्वांत मोठा धोका. घासताना रक्त, तोंडाला वास, दात लांब दिसणं, नव्याने फटी पडणं, फटीत रोज अन्न अडकणं या खुणा वर्षानुवर्षं अंगवळणी पडतात. मधुमेहीला हिरडीवर वारंवार पुवाची गाठ येत असेल तर साखर तातडीने तपासावी. माहीत नसलेला मधुमेह अशा गाठींवरूनही लक्षात येतो.

आता दोन्ही बाजू पाहू. साखर सतत वाढलेली राहिली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात, हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या बिघडतात, आणि प्रथिनांना साखर चिकटून तयार होणारे पदार्थ दाह पेटता ठेवतात. म्हणून मधुमेहींमध्ये पायोरियाचा धोका साधारण दोन ते तीन पट असतो. उलट दिशेने, तोंडभर पायोरिया असेल तर खाचांच्या आतला सुजलेला भाग मिळून अंदाजे 8 ते 20 चौरस सेंटिमीटर भरतो. एवढ्या आकाराची जखम पायावर असती तर आपण त्याच दिवशी दवाखाना गाठला असता. इथून दाह वाढवणारी रसायनं आणि थोडे जिवाणू रोज रक्तात उतरतात, आणि त्या रसायनांमुळे पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत.

उपचाराने फरक पडतो का? अनेक चाचण्या एकत्र करून 2022 मध्ये कॉक्रेन या संशोधनांचे आढावे घेणाऱ्या संस्थेने मांडलेल्या आढाव्यानुसार हिरड्यांच्या खोल सफाईनंतर तीन-चार महिन्यांनी एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा रक्तातला आकडा, सरासरी 0.43 ने उतरतो. म्हणजे 8.5 असेल तर साधारण 8.1. हा उपचार औषधाची जागा घेत नाही, पण औषधाच्या जोडीला मिळणारी ही घट नक्कीच मोलाची आहे.

हृदयविकाराबाबत मात्र जपून बोलावं. पायोरिया असलेल्यांत हृदयविकार जास्त आढळतो हे खरं, पण तंबाखू, वय, मधुमेह हे दोन्हींचे सामाईक भागीदार आहेत. हिरड्यांवर उपचार केल्याने हृदयाचा झटका टळतो असं सिद्ध झालेलं नाही. ‘स्केलिंग (कीटण काढणं) करा, हार्ट वाचवा’ अशा जाहिरातींवर म्हणून विसंबू नये. हृदयाची झडप कृत्रिम असेल तर गोष्ट वेगळी. हिरडीवरच्या उपचारापूर्वी प्रतिजैविकाचा एक डोस घ्यावा लागतो, म्हणून दंतवैद्यांना ते आधीच सांगावं.

खोल सफाई हिरडी बधिर करून, साधारण दोन ते चार बैठकींत होते. खाचेतलं कीटण काढून मुळाचा पृष्ठभाग स्वच्छ केला जातो. ‘स्केलिंगनंतर दात हलायला लागतात’ ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. खरं तर हाड आधीच गेलेलं असतं आणि कीटणाच्या थराने दात एकमेकांना टेकून उभे असतात. आधार निघाला की हललेपण उघड होतं. सूज उतरल्याने फटी मोठ्या दिसतात, काही दिवस गार पाणी झोंबतं. सहा ते बारा आठवड्यांनी खाचा पुन्हा मोजतात. 6 मिलिमीटर किंवा त्याहून खोल राहिल्या तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. त्यानंतर दर तीन-चार महिन्यांनी सफाई हवीच, नाहीतर खाचांत थर आणि कीटण परत साचतं.

घरी मऊ ब्रश हिरडी आणि दात यांच्या सांध्यावर 45 अंशांत तिरका टेकवून, दोन-तीन दात धरून, जागेवरच बारीक थरथरवावा. दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं. फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी पुरते. फटी असतील तर त्यांच्या मापाचा बारीक ब्रश रोज एकदा फिरवावा, कारण नेहमीचा ब्रश तिथे पोहोचतच नाही. रक्त येणारी जागा टाळू नये, तिथेच थर साचलेला असतो. दंतवैद्यांनी सांगितल्यास क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचा 0.2 टक्क्यांचा द्राव 10 मिलिलिटर, एक मिनिट तोंडात खळखळवून थुंकावा, दिवसातून दोनदा, दोन आठवडे. पेस्टनंतर लगेच घेतला तर त्याचा प्रभाव कमी होतो, अर्धा तास जाऊ द्यावा. महिनोनमहिने वापरला तर दात तपकिरी पडतात.

महाराष्ट्रात मशेरीचा उल्लेख टाळून हा विषय पूर्ण होत नाही. भाजलेल्या तंबाखूची ही पूड दात घासायला म्हणून हातात येते, आणि व्यसन होऊन राहते. दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यावर भारतात 1992 पासून बंदी आहे, तरी घरी भाजलेली मशेरी अनेक बायका दिवसातून चार-चार वेळा लावतात. त्यात साफ करणारं काही नाही. लावतात त्या जागी हिरडी मागे सरते, मुळं उघडी पडतात, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो तो वेगळाच. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत तर हिरडीतून रक्त कमी येतं, त्यामुळे आजार झाकला जातो. सोडल्यावर थोडं जास्त रक्त दिसू शकतं, घाबरून पुन्हा सुरू करू नये.

रक्तदाबाची अॅम्लोडिपिन किंवा फिटची फेनिटॉइन घेणाऱ्या काहींच्या हिरड्या दातांवर चढतात. औषध स्वतःहून बंद करू नये. ज्यांनी ते लिहून दिलं त्यांनाच हिरड्या दाखवाव्यात, बहुतेकदा पर्याय असतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्याही स्वतःहून बंद करू नयेत.

मधुमेहींनी दंतवैद्यांकडे सकाळची वेळ घ्यावी, नाश्ता आणि नेहमीची औषधं घेऊनच जावं, नाहीतर खुर्चीतच साखर उतरून घाम आणि थरथर सुटू शकते. सोबत शेवटचा एचबीएवनसी आणि औषधांची यादी न्यावी. सफाईनंतर तीन महिन्यांनी तो पुन्हा करून मधुमेहाच्या डॉक्टरांना दाखवावा. गोळ्यांची मात्रा बदलायची की नाही, ते त्यांनी ठरवायचं.