क्वारीतलं पाणी आणि बंद कोळसा खाणीतलं पाणी

तुर्भ्यात आमच्या इमारतीमागे पारसिकच्या रांगेतली एक बंद क्वारी, म्हणजे दगडाची खाण, आहे. जुलैत दोन-तीन दिवस पाऊस लागला की ती काठोकाठ भरते आणि हिरवट पाण्यात उलटा डोंगर दिसायला लागतो. गेल्या पावसाळ्यात शेजारचे काका गॅलरीतून तिकडे बोट दाखवून म्हणाले, "तुमच्या चंद्रपूरकडच्या खाणी बंद झाल्या की त्यांचंही असंच तळं होत असेल, नाही का?"

मी बल्लारपूरची. बाबा भूमिगत खाणीत पंप खलाशी होते, त्यामुळे हा प्रश्न मला नुसता ऐकून सोडता आला नाही. दोन्हीला आपण 'खाण'च म्हणतो, घोळ तिथूनच सुरू होतो.

क्वारीचं गणित सोपं आहे. काळा बेसाल्ट वरून खाली फोडत नेला, मागे उघडा खड्डा राहिला. त्यात पाऊस पडतो, डोंगरउताराचं पाणी उतरतं, उन्हाळ्यात बरंचसं उडून जातं. कड्यावर रंगाने मीटरच्या खुणा केल्या तर पातळी कुणालाही वाचता येईल. धोका आहे तो सरळ तुटलेल्या कड्यांचा आणि काठाजवळच एकदम लागणाऱ्या खोलीचा. पोहायला उतरलेली मुलं त्यामुळेच बुडतात. तिथे कुंपण हवं, रखवालदार हवा, राडारोडा टाकणाऱ्यांना अटकाव हवा.

भूमिगत कोळसा खाणीत पाणी दिसतच नाही. आत आडवे-उभे बोगदे असतात आणि छत तोलायला मध्ये कोळशाचे खांब सोडलेले असतात. काही भागात शेवटी खांबही काढतात आणि छत कोसळू देतात, त्या कोसळलेल्या पोकळीला गोफ म्हणतात. खाण चालू असेपर्यंत झिरपणारं पाणी अखंड उपसावं लागतं. दिवाळीच्या पहाटेही बाबांची पाळी चुकायची नाही, कारण पंप थांबला तर खालचं काम बुडणार. खाण बंद झाली, पंप काढले, की तेच पाणी वर चढायला लागतं. पुरतं चढायला वर्षं लागतात, कधी दशकं. वेगही एकसारखा राहत नाही. मोकळ्या बोगद्यांत पाणी जास्त मावतं, ढिगाऱ्याने भरलेल्या गोफात कमी. शिवाय खाणीतली पातळी भोवतालच्या भूजलाच्या जवळ येईल तशी आवक मंदावते. म्हणून नकाशावरून काढलेला अंदाज पुरत नाही, मोजत राहावं लागतं.

मोजतात ते बोअरमधून. टेपच्या टोकाला लावलेला सेन्सर खाली सोडायचा, तो पाण्याला टेकला की वर रीळ बीप करतं. मिळालेला आकडा समुद्रसपाटीच्या हिशेबात मांडायचा, कारण प्रत्येक बोअरचं तोंड वेगळ्या उंचीवर असतं आणि तुलना करायची असते शेजारच्या खाणीशी. एका बोअरवर भागत नाही. मध्ये छत पडून वाट बंद झाली असेल तर एकाच खाणीच्या दोन भागांत दोन वेगळ्या पातळ्या असू शकतात.

ही शेजारच्या खाणीची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. 27 डिसेंबर 1975 ला धनबादजवळच्या चासनाला खाणीत वरच्या जुन्या, पाण्याने भरलेल्या खाणकामाचं पाणी फुटून आत आलं आणि पावणेचारशेच्या आसपास कामगार गेले. शंभर मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे 10 किलोचा दाब टाकतो, तो मधल्या कोळशाच्या भिंतीने सोसायचा असतो. म्हणूनच जुन्या खाणकामाच्या 60 मीटरच्या आत काम न्यायचं तर आधी परवानगी लागते आणि पुढे बोअर मारत अंदाज घेत जावं लागतं. तुर्भ्याच्या क्वारीतलं पाणी असं जमिनीखालून कुणाच्या अंगावर येत नाही.

पाण्याचा गुणही निराळा. कोळशात आणि त्याच्या आसपासच्या खडकात पायराइट असतं, म्हणजे लोखंड आणि गंधक. खाण चालू असताना आत हवा खेळते, पायराइट गंजतं, आणि पुढे चढणारं पाणी ते क्षार विरघळवून घेतं. असं पाणी वर येताना नितळ दिसतं, पण हवा लागली की थोड्याच अंतरावर नाल्याच्या दगडांवर नारिंगी लगदा बसायला लागतो. मेघालयाच्या कोळशात गंधक जास्त, म्हणून तिथे पाणी आम्लधर्मी होतं. आपल्याकडच्या कोळशात ते कमी असतं. तरीही लिटमसचा रंग बदलला नाही म्हणून पाणी चांगलं असं धरू नये. जडपणा, सल्फेट आणि लोह त्या पट्टीवर दिसत नाहीत. नमुनाही वेगवेगळ्या खोलीवरून घ्यावा लागतो, कारण बऱ्याचदा वर ताज्या पाण्याचा थर तरंगत असतो आणि क्षारांनी जड झालेलं पाणी तळाशी असतं.

चढणारं पाणी आतला वायूही पुढे ढकलतं. जुन्या चानकांच्या (खाणीत उतरायच्या उभ्या विहिरींच्या) आणि बोअरच्या तोंडाशी मिथेन मोजायचा तो त्यासाठी.

म्हणून अशी खाण 'भरू द्या' म्हणून सोडून देता येत नाही. पाणी किती उंचीवर रोखायचं ते ठरवून एका जागी उपसा चालू ठेवतात, पाणी पायऱ्यांवरून खेळवून हवा देतात, तळ्यांत लोह बसू देतात. जर्मनीत दगडी कोळशाची शेवटची खाण डिसेंबर 2018 मध्ये बंद झाली, तिथल्या रुहर या कोळसापट्ट्यातले पंप त्यानंतरही चालूच आहेत.

काकांचा पुढचा प्रश्न होता, मग ते पाणी वापरता येतं का? येतं. आमच्याकडे वेकोलिने (वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीने) खाणीचं पाणी शुद्ध करून 'कोल नीर' नावाने बाटलीत भरलं आहे. मात्र क्वारीतून टँकर भरून नेले तर पातळी उतरते आणि पुढच्या पावसात पुन्हा भरते, एवढंच होतं. कोळसा खाणीतून भसाभसा उपसलं, तर उघड्या पडलेल्या भिंतींना पुन्हा हवा लागते, पायराइट नव्याने गंजतं आणि पाणी परत चढलं की लोह वाढलेलं सापडतं. म्हणून तिथे उपसा बेताने करतात आणि पातळी फार वर-खाली होऊ देत नाहीत.