वायरमध्ये मुरणारा उजेड

ओतूरकडून भाजी भरून पहाटे माळशेज घाट उतरणाऱ्या पिकअपला पावसाळ्यात हेडलाइटचा फारसा आधार मिळत नाही. धुक्याचे थेंब तो उजेड परत डोळ्यांवरच फेकतात. म्हणून फॉगलॅम्प बंपरजवळ, खाली बसवतात. दिवे चांगल्या प्रतीचे घेतले तरी बऱ्याचदा उजेड पिवळट आणि मरगळलेला पडतो. दोष दिव्याचा नसतो, वायरिंगचा असतो.

हिशोब करून बघा. ५५ वॉटचे दोन हॅलोजन १२ व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर ओढतात. बॅटरीपासून केबिनमधल्या बटणापर्यंत आणि तिथून पुन्हा बंपरपर्यंत १ चौरस मिलिमीटरची ६ मीटर वायर फिरवली, की वाटेतच जवळजवळ १ व्होल्ट खर्च होतो. एवढ्याने काय होतंय, असं वाटेल. पण हॅलोजनचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार झपाट्याने उतरतो. ८ टक्के व्होल्टेज गेलं, की पाव हिस्सा उजेड गेला! शिवाय थंड फिलामेंट पेटताना क्षणभर कितीतरी पट करंट ओढते, तो बटणाच्या नाजूक पॉइंटवरून जातो आणि बटण वितळतं.

म्हणून रिले, म्हणजे छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, हवाच. बटणाने फक्त हुकूम द्यायचा, करंट जवळच्या वाटेने जाऊ द्यायचा. रिले बॅटरीशेजारी, पिना खाली करून बसवा, म्हणजे पाणी आत साचणार नाही. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत १५ अँपिअरचा फ्यूज, तिथून २.५ चौरस मिलिमीटरची वायर रिलेच्या पिन ३० ला (हे आकडे रिलेवर छापलेले असतात). पिन ८७ वरून तीच जाडी दिव्यांकडे. ८५ बॉडी अर्थला, म्हणजे बॅटरीच्या मायनसशी जोडलेल्या गाडीच्या पत्र्याला. ८६ ला बटणातून येणारी वायर. तिच्यातून पाव अँपिअरही जात नाही, ०.७५ ची पुरते. बटणाला सप्लाय पार्किंग लाइटवरून घ्या, म्हणजे गाडी लावल्यावर फॉगलॅम्प चुकून चालू राहून बॅटरी उतरणार नाही. बटण बंद असताना दिवे पेटत असतील, तर पाच पिनांचा रिले आणून मधल्या ८७ए ला, म्हणजे बटण बंद असतानाच जोडलेल्या राहणाऱ्या पिनेला, वायर जोडलेली असते.

फ्यूज दिव्याजवळ लावणं ही घातक चूक आहे. फ्यूज वायरला वाचवतो. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतची वायर पत्र्यावर घासून सोलली, तर तिचा करंट तोडणारं कुणीच नसतं. पत्र्यातून वायर नेताना भोकाला रबरी ग्रोमेट (कडेपासून वायर वाचवणारी रिंग) घालाच.

खरी रड अर्थची. रंगावर स्क्रू आवळला, की पहिल्या पावसात गंज चढतो आणि दिवे मंदावतात. रंग खरवडून पत्रा चकचकीत करा, वायरच्या टोकाला दाबून बसवलेलं थिंबल (धातूचं कडं) दातेरी वॉशरने आवळा, वरून पेट्रोलियम जेली लावा. मग दिवे चालू ठेवून मल्टिमीटरची एक काडी दिव्याच्या अर्थ वायरला आणि दुसरी बॅटरीच्या मायनसला लावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर जोड पुन्हा उघडा.

दिव्यांचा रोख मात्र माल भरल्यावरच लावा. मागे वजन पडलं, की पिकअपचं नाक वर होतं आणि रिकाम्या गाडीवर नीट लावलेले दिवे समोरच्याच्या डोळ्यांत घुसतात. ५ मीटरवरच्या भिंतीवर झोताची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा १० सेंटीमीटर खाली दिसली पाहिजे.